फक्त बघायचे दिवे

डोळ्याचा पडदा सुटतो तेव्हा दुखत नाही. हे वाक्य मी पेशंटच्या नातेवाइकांना वीस-बावीस वर्षं सांगत आले आहे, कारण कुवेतमधल्या एका हॉस्पिटलात मी डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरची नर्स आहे. माझा स्वतःचा पडदा सुटला तेव्हा मी सालमियातल्या एका दुकानात उशांचे अभ्रे बघत उभी होते. सकाळपासून डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात ठिणग्या उडत होत्या. आता खालून एक काळी कड वर चढायला लागली. मान हलवली तरी ती जागची हलेना. मी अभ्रे परत ठेवले, टॅक्सी थांबवली आणि नवऱ्याला फोन लावला.

"मी हॉस्पिटलला चाललेय. ड्यूटी नाही. पडदा सुटलाय. जेवण फ्रिजमध्ये आहे."

तो अम्गऱ्याला एका बांधकाम-सामानाच्या यार्डात स्टोअर सांभाळतो. तिथे दगड कापायच्या मशीनपुढे काही ऐकू येत नाही.

"कुठला पडदा? हॉलमधला?" तो ओरडला.

"डोळ्यातला," मीही ओरडले. टॅक्सीवाला दचकला.

माझा उजवा डोळा लहानपणापासून आळशी आहे. समोर धरलेली बोटं त्याला कळतात, चेहरा ओळखता येत नाही. म्हणजे आजवर शिक्षण, नोकरी, स्वयंपाक, सगळं मी एकट्या डाव्या डोळ्यावर केलं. तोच निघाला होता. टॅक्सीत मी रडले नाही. काळी कड किती वर आली ते बघत होते. ती मध्यापर्यंत पोचली तर पुढे काय, हे मला पाठ होतं.

आमचे सर्जन पुण्याचे आहेत. इतकी वर्षं मी त्यांच्या हातात अवजारं दिली. त्या संध्याकाळी मी टेबलावर आडवी होते आणि ते माझ्या डोक्याशी बसले होते.

"सर, पडद्याचा मध्यभाग उचलला का?"

"काठ उचललाय, सिस्टर. किती परत येईल ते आत्ता सांगत नाही."

"हे तुम्ही पेशंटला सांगता."

"मग आज तुम्ही कोण आहात?"

भूल फक्त डोळ्यापुरती होती. या ऑपरेशनात डोळ्याच्या आत केसाएवढी एक बारीक नळी जाते, तिच्या टोकाला दिवा असतो. हजारदा मी तो दिवा पुसून सरांच्या हातात दिला आहे. तो आतून कसा दिसत असेल हा विचार मला कधी शिवला नव्हता. आता तो दिसला. आधी काळोखात एक पांढरट पहाट फुटली, मग अवजारांच्या सावल्या त्या उजेडातून पोहत गेल्या, मोठ्या माशांसारख्या. डोळा माझा, उजेड माझ्या आत, आणि तरी मी जणू कुठल्यातरी प्रचंड जागेच्या उंबऱ्याशी उभी होते. सरांना ते सांगावं असं मला वाटलं. पण ते काम करत होते.

शेवटी डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरतात. तो पडद्याला आतून दाबून धरतो. पडदा मागच्या बाजूला असतो, म्हणून बुडबुडा तिकडे राहावा यासाठी पेशंटने तोंड खाली करून राहायचं. जेवताना खाली, झोपताना खाली, बोलताना खाली. आणि बुडबुडा असेपर्यंत विमान नाही. उंचीवर तो फुगतो आणि डोळा घालवतो. ठाण्याहून आईने फोनवर हुकूम सोडला, "पहिल्या विमानाने इकडे ये." मी म्हटलं, "पहिल्या विमानाने आले तर आंधळी उतरेन." तिने फोन ठेवला. मग परत केला आणि विचारलं, "मग तुझं करणार कोण?"

शेजारची करणार होती. आम्ही अबू हलीफाला समुद्राच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत राहतो. आमच्या समोरच्या दारात मुरुडकडची एक मुसलमान बाई राहते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिच्या नवऱ्याचा मासळीचा धंदा आहे. मी तिला आपा म्हणते, ती मला बाय म्हणते. राहायला आल्यावर मी आडनाव सांगितलं तेव्हा तिने डोळे बारीक केले होते.

"शनवार तेली काय गो तुम्ही?"

कुवेतमध्ये हे मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. आम्ही बेने इस्रायल, अलिबागच्या पट्टीतले ज्यू. आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव आमचं हे नाव. इथे आमची नावं ऐकून लोक आम्हाला ख्रिश्चन समजतात आणि आम्ही ते खोडून काढायला जात नाही. मी हो म्हटलं. आपा हसत सुटली. "तेलाच्या मुलखात तेली आले! आता काय कमी पडायचा नाय." तिच्या आजीकडे आमच्याच कुणाच्या घाण्याचं खोबरेल यायचं. विषय तिथेच संपला आणि त्यानंतर ती दर शुक्रवारी संध्याकाळी, आमचा विश्रांतीचा वार शब्बाथ सुरू होताना दिवे लावायच्या वेळेला, मुद्दाम बेल वाजवत नाही.

ऑपरेशननंतर पहिल्या सकाळी पट्टी काढली. सरांनी टॉर्च मारून विचारलं, "उजेड दिसतो?" दिसत होता. "कुठून?" डावीकडून. एवढंच. बाकी सगळं दूध ओतल्यासारखं. बुडबुडा असताना असंच असतं, हे मला माहीत होतं. पण आपल्याला माहीत असलेली गोष्ट आपल्यावर आली की तिला वेगळं वजन येतं.

त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी हनुक्का सुरू होत होता.

आमच्या सणांतले इतर दिवे मला नेहमी कळत आले आहेत. शब्बाथचे दिवे घरातल्यांनी अंधारात एकमेकांवर आपटू नये म्हणून. घरात शांती राहावी यासाठी, असं पुस्तकात आहे, पण मुळात ते आपटण्याबद्दल आहे. शनिवारी शब्बाथ संपताना वेणीसारखी वळलेली मेणबत्ती लावतात. त्या उजेडात आपली नखं बघायची. उजेडाने काही काम झालं, काहीतरी वेगळं ओळखता आलं, तरच त्याचे आभार मानायचे. हे मला पटतं. मी कामाची बाई आहे.

हनुक्का मात्र मला कधी पटला नाही. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: शत्रूने विटाळलेलं मंदिर परत मिळालं, दिव्यासाठी शुद्ध तेल एका दिवसापुरतं सापडलं आणि ते आठ दिवस जळलं. म्हणून पहिल्या संध्याकाळी एक दिवा, दुसरीला दोन, असे आठ. पण या दिव्यांच्या उजेडात काही करायचं नाही. वाचायचं नाही, शिवायचं नाही, नाणंसुद्धा तपासायचं नाही. ते फक्त बघायचे. चुकून उजेडाचा उपयोग झालाच, तर तो यांचा नको म्हणून शेजारी एक नववा दिवा ठेवतात. त्याला शमाश म्हणतात, म्हणजे सेवक. काम करायचं ते त्याने. वर बायकांसाठी आणखी एक रीत आहे: हे दिवे निदान अर्धा तास जळतात, तेवढा वेळ बायकांनी कुठलंही काम करायचं नाही. दर वर्षी तो अर्धा तास मी हात मांडीवर ठेवून बसत असे आणि डोक्यात दुसऱ्या दिवशीची भाजी निवडत असे.

त्या वर्षी मला लावता येणारच नव्हते. ज्याला लावता येत नसतील त्याने निदान बघावेत, त्यालाही प्रार्थना आहे. पण मी पलंगावर आडवी, तोंड कडेच्या बाहेर, आणि मला दिसत होत्या त्या फक्त फिकट तपकिरी टाइल्स.

नवऱ्याने बराच विचार केला आणि दिवे आणून जमिनीवर ठेवले, माझ्या तोंडाखाली. आमचे दिवे म्हणजे छोटे काचेचे ग्लास. खाली पाणी, वर तेल, तेलावर तरंगती वात. खिडकीचा पडदा त्याने आधीच ओढला होता. खरं तर हे दिवे लोकांना दिसावेत म्हणून दारात किंवा खिडकीत ठेवायचे असतात, पण जिथे ते बरं नसेल तिथे घरात ठेवले तरी चालतात, असंही आमच्या जुन्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. आम्ही इथे आल्यापासून त्याच ओळीवर जगतो. त्या वर्षी बातम्यांत काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको. आपाच्या घरी टीव्ही दिवसभर चालू असायचा. माझ्याकडे येताना ती तो बंद करून यायची. त्यावर आम्ही एक शब्द बोललो नाही.

"अहो, माझ्या भुवया जाळायच्यात का?" मी म्हटलं.

त्याने दिवे हातभर पुढे सरकवले. तेवढ्यात फोनच्या पडद्यावरून आई ओरडली. त्याने फोन कपाटाला टेकवून ठेवला होता.

"जमिनीवर? जमिनीवर दिवा ठेवतात का जावई?"

"तिला खालीच दिसतं, आई."

"तीन मुठींच्या वर पाहिजे. खाली ठेवला तर बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी हातातला दिवा टेकवलाय आणि आता उचलून नेणार."

"बघणारी एकच आहे, आणि तिला दिसतच नाही," नवरा म्हणाला. म्हटल्यावर त्यालाच वाईट वाटलं.

आपा माझ्या डोळ्यात ड्रॉप घालायला आली होती. तिने मुठी, दिवे, नियम, कशाचीही चौकशी केली नाही. ती आपल्या घरी गेली आणि बिर्याणीचा मोठा टोप घेऊन आली. तो टाइल्सवर पालथा घातला आणि वर थाप मारली. "ह्याच्यावर ठेव. वीतभर तरी हाय."

नवऱ्याने वर चार बोटं जाडीचं पुस्तक ठेवलं. आईने फोनमधून मोजून मान्यता दिली. शमाश लागला, त्याने पहिला दिवा लागला. मी डाव्या डोळ्याने बघितलं. दुधात हळदीचा एक थेंब पडावा तसं काहीतरी होतं. त्याला कड नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी मी कामाला लागले. डोळ्यांच्या हॉस्पिटलात ज्याला तक्ता वाचता येत नाही त्याच्यापुढे आपण बोटं धरतो आणि विचारतो, किती? इथे तर दररोज एकेक वाढणारी बोटं समोर आयती होती. उजवा डोळा तळहाताने झाकायचा आणि डाव्याने ज्योती मोजायच्या. दुसऱ्या दिवशी एक डाग दिसला. तिसऱ्या दिवशी डाग लांबट झाला. चौथ्या दिवशी मला चार दिसले आणि मी हरखले. मग लक्षात आलं की चौथा दिवस आहे हे मला माहीतच आहे. उत्तर माहीत असलेल्या पेशंटची तपासणी काही कामाची नाही. तक्ता पाठ करून येणारे म्हातारे मी रोज पकडते.

म्हणून पाचव्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, "एक पुठ्ठा घ्या. पुठ्ठ्याने काही दिवे झाका आणि मला विचारा, किती. दर वेळी वेगळे झाका."

त्याने बिचाऱ्याने केलं. बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि वाकून बसला.

"आता?"

"तीन."

त्याने झाकण तसंच धरून ठेवलं.

"बरोबर का चूक, ते सांगा ना."

"दोन होते."

"परत."

"आता?"

"दोन."

"चार," तो म्हणाला. त्याने झाकण बाजूला ठेवलं. "अगं, नाणं तपासू नये म्हणतात या उजेडात. आणि तू डोळा तपासतेस."

"मग कशाच्या उजेडात तपासू?"

"शमाश आहे ना. तो कामाचाच आहे."

"एका दिव्यात काय मोजणार मी? एक?"

आपा दाराशी हात पुसत उभी होती. बायकांनी काम न करण्याची रीत मी तिला पहिल्या दिवशी सांगितली होती आणि ती तिला फार आवडली होती. असा नियम आमच्यात का कुणी काढला नाय, असं ती रोज एकदा म्हणायची. आता ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काम करायचा नाय म्हणतेस, नि पालथी पडून हॉस्पिटल चालवतेस. ह्याला काय म्हणतात गो?"

"मला कळायला नको का, आपा? डोळा आला नाही तर माझी नोकरी गेली. मला भात करपलेला वासावरून ओळखावा लागेल. तुमचा चेहरा दिसणार नाही मला."

"माझा चेहरा तू पायला हायस," ती म्हणाली. "त्यात आता नवीन काय व्हायचा नाय. आणि इतका मोजून डोळा लवकर येतो काय?"

नवरा हसला. मला हसू आलं नाही. मी तोंड खाली करून पडले होते, त्यामुळे रुसल्याचंही कुणाला दिसलं नाही. पण मी इतरांना जे सांगते ते तिने मला सांगितलं होतं. पडदा चिकटायचा असेल तर चिकटतो. मोजणारा त्यात काही भर घालत नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा अम्गऱ्याहून संगमरवराचा एक तुकडा घेऊन आला. शेजारच्या यार्डात कुठल्यातरी जिन्याची पायरी कापताना उरलेला. त्याखाली विटा लावल्यावर उंची बरोबर झाली आणि आपाला टोप परत मिळाला. त्याने सहा दिवे लावले, शमाश लावला, प्रार्थना म्हटली आणि खोलीतला मोठा दिवा बंद केला. आपा पलंगाच्या दुसऱ्या टोकाला पाय वर घेऊन बसली. मी उजवा डोळा झाकायला हात उचलला, परत खाली ठेवला आणि तो डोळा नुसता मिटला.

करायला काहीच नव्हतं. मोजायचं नव्हतं. भाजी निवडण्याइतकंही डोकं चालत नव्हतं. मी बघितलं.

मी जे बघितलं ते नीट सांगता येईल की नाही, मला माहीत नाही. ज्योती नव्हत्या. ग्लास नव्हते, दगड नव्हता, जमीन नव्हती. कुठल्याही वस्तूवर पडलेला उजेड नव्हता, कारण वस्तू दिसतच नव्हत्या. नुसता उजेड होता. तो बुडबुड्याच्या गोल कडांवर जाऊन परत येत होता, कड्यांतून कडी निघत होती, मध्ये सोनेरी आणि बाहेर जवळजवळ हिरवी, आणि सगळं अगदी सावकाश हलत होतं, कारण वाती पाण्यावर होत्या. आयुष्यभर मी उजेडाने दुसरं काहीतरी बघत आले होते. सुई, जखम, धूळ, घड्याळ. उजेड स्वतः काय असतो हे मी पहिल्यांदा बघत होते, आणि तो माझ्याकडून काही मागत नव्हता.

शाळेत असताना मी वडिलांना एक प्रश्न विचारला होता. तोरामध्ये पहिल्या दिवशी उजेड होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग पहिले तीन दिवस उजेड होता तो कशाचा? मला वाटलं होतं, मी धर्मग्रंथातली चूक पकडली. वडील दाढी करत होते. आरशातून म्हणाले, "तो सूर्याच्या आधीचा. माणसं तो वाया घालवतील म्हणून नंतर ठेवून दिला. हनुक्काच्या दिव्यांत त्यातला थोडा असतो म्हणतात." मला ते उत्तर म्हणजे पळवाट वाटली. त्या संध्याकाळी, पालथं पडून, मानेला रग लागलेली असताना, मला पहिल्यांदा वाटलं की हे म्हणणाऱ्या कुणीतरी तो खरोखर बघितला असेल. वस्तू तयार होण्याच्या आधीचा उजेड. ज्यात अजून करायला काही काम नव्हतं.

मला भीती वाटली. आंधळं होण्याची ती रोजची भीती नव्हे. उंच डोंगरावर कड्याशी गेल्यावर वाटते तशी. मी पलंगाची कड घट्ट धरली.

"काय झाला गो?" आपाने विचारलं.

"काही नाही. बघतेय."

"मंग बघ," ती म्हणाली आणि तिने माझ्या पायावर पांघरूण ओढलं.

सातव्या दिवशीही मी मोजलं नाही. नवऱ्याने विचारलंही नाही.

आठव्या दिवशी सकाळी सरांनी तपासलं. पडदा चिकटलेला होता. मध्यभागाबद्दल ते तेव्हाही काही बोलले नाहीत. बुडबुडा निम्मा उरला आहे, आता बसलात तरी चालेल, एवढंच म्हणाले. डोळा शेवटी किती आला ते मला पुढे महिन्याभराने कळलं. तक्त्यातल्या शेवटच्या दोन ओळी मला आता वाचता येत नाहीत आणि दाराच्या उभ्या चौकटी मध्ये किंचित वाकलेल्या दिसतात. थिएटरमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मदत करणं संपलं. मी आता तपासणीच्या खोलीत असते. पण त्या संध्याकाळी यातलं काही माहीत नव्हतं. मी दहा दिवसांत पहिल्यांदा खुर्चीवर सरळ बसले होते आणि माझी मान कुणीतरी उसनी दिल्यासारखी वाटत होती.

संगमरवर आता हॉलमधल्या टेबलावर होता. नवऱ्याने आठही लावले, शमाश लावला. आपा माझ्या शेजारी बसली. मी उजवा डोळा मिटला आणि मान वर केली.

सरळ बसल्यावर बुडबुडा डोळ्यात वर जातो, पण डोळा सगळं उलटं टिपतो, म्हणून पेशंटला तो खाली दिसतो. डोळ्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरल्यासारखी एक आडवी रेघ हलत असते. रेघेच्या खाली सगळं दूध. हे मी शेकडो जणांना समजावून सांगितलं आहे, हातवारे करून. रेघेच्या वर काय असतं ते कुणीच मला नीट सांगितलं नव्हतं, किंवा मी ऐकलं नव्हतं. वर ज्योत होती. एकच आधी, मग तिच्या शेजारची. तिला कड होती. खाली निळी, मग जवळजवळ काहीच नसलेली एक जागा, मग पिवळी, आणि टोकावरून धुराचा एक केस वर जात होता. वातीचं काळं टोकही दिसत होतं. मी श्वास रोखून धरला होता, कारण श्वासाने रेघ हलते.

"दिसतंय?" नवऱ्याने शेवटी विचारलंच.

मी मान हलवली तर रेघेसकट अख्खी खोली डुलली. "हो," म्हटलं. तो उठून खिडकीशी गेला आणि पडद्याकडे तोंड करून उभा राहिला. पडदा ओढलेला होता, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही तसेच बसलो. दिवे वर्षभरातल्या इतर कुठल्याही दिवसापेक्षा जास्त वेळ जळले असं मला वाटतं. नवऱ्याचं म्हणणं की त्याने तेल जास्त घातलं होतं. मग रस्त्यापलीकडच्या मशिदीतून इशाची, रात्रीच्या नमाजाची, अजान आली. आपा घरी जायला उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"हितंच पढू काय गो?" तिने विचारलं. "घरात ट्यूबलाइट हाय."

नवरा पटकन म्हणाला, "पढा ना आपा." तिने घरून आपली चटई आणली. आमच्या हॉलमध्ये किबला, म्हणजे मक्केची दिशा, बाल्कनीच्या बाजूला येतो, म्हणून दिवे तिच्या पाठीशी राहिले. ती चटईवर उभी राहिली, आणि समोरच्या ओढलेल्या पडद्यावर तिची सावली उभी राहिली, छतापर्यंत, आठ ज्योतींनी हलकेच थरथरणारी.

मी हात मांडीवर ठेवून बघत होते. ती उभी होती तोवर माझ्या रेघेच्या वर होती: तिचा पांढरा दुपट्टा, त्याची शिवण, कानामागे निसटलेली एक पिकली बट. ती वाकली, आणि कमरेतून दुधात गेली. कपाळ जमिनीला टेकून सजद्यात गेली तेव्हा पूर्ण नाहीशी झाली. खाली फक्त धूसर उजेड उरला. मी वाट बघितली. मग ती त्या उजेडातून परत वर आली, दुपट्ट्यासकट, शिवणीसकट, आणि उभी राहिली.